तुम्ही विचारलंत म्हणून: राउटर कुठला घेऊ?

हा प्रश्न मला सतत येतो. कुणी नवं घर लावत असतं, कुणी चार टेबलांचं ऑफिस थाटत असतं. प्रश्न एका ओळीचा, आणि उत्तरही एका ओळीतच हवं असतं: मॉडेलचं नाव. मी नाव सांगत नाही, उलट दहा प्रश्न विचारते, मग समोरच्याला वाटतं की ही टाळतेय किंवा उगाच शिष्टपणा करतेय. एकेकाळी मीही धडाधड नावं सांगायचे. ते का सोडलं, हे एकदा नीट लिहून टाकते.

तेव्हाचा माझा नियम सोपा होता. परवडेल त्यात खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा उचलायचा. एसी १२००, एएक्स ३०००, जो असेल तो; अक्षरं वाय-फायच्या पिढीची, आकडा वेगाचा. हा आकडा बेरजेचा असतो हे मला तेव्हाही ठाऊक होतं. एएक्स ३००० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे २,४०२ मेगाबिट, मिळवून वर गोल केलेले. साधा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, म्हणजे ही बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. जे येतं त्यातलाही बराच भाग हवेतल्या देवाणघेवाणीत खर्च होतो. एसी १२०० लिहिलेल्या कित्येक स्वस्त राउटरांच्या मागचे केबलचे पोर्ट तर १०० मेगाबिटचेच असतात. आत त्याहून जास्त येतच नाही, तर हवेत कुठून देणार? एवढं सगळं माहीत असूनही मी आकडाच सांगायचे, कारण मोठा आकडा म्हणजे निदान नवी चिप आणि जरा बरा प्रोसेसर, असा माझा हिशेब होता. तो अगदीच चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

पण मग ताईचं झालं.

माझी ताई समुपदेशक आहे. घरातल्या एका खोलीत बसून ती व्हिडिओवर लोकांशी बोलते. तिच्याकडचा राउटर मीच निवडला, मीच बसवला. एएक्स ३०००. सेटिंगमध्ये जाऊन चॅनलची, म्हणजे पट्ट्यातल्या ज्या तुकड्यावर राउटर बोलतो त्याची, रुंदी १६० मेगाहर्ट्झ केली, कारण २,४०२ हा आकडा त्या रुंदीशिवाय निघतच नाही, ८०वर तो निम्मा होतो. तिच्या फोनवर वेग मोजून दाखवला. ती खूश झाली, मी तिच्याहून जास्त.

तीनेक आठवड्यांनी तिचा फोन आला. “अगं, मध्येच सगळं थांबतं. मिनिटभर. मग आपोआप येतं.” कधी दिवसातून दोनदा, कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. मी विचारलं, लॅपटॉप किती जुना? सहा वर्षांचा. मग तोच, मी म्हटलं. पुढच्या वेळी म्हटलं, कनेक्शन देणाऱ्यांकडे तक्रार कर. त्यांचा माणूस आला, लाइन तपासून गेला, लाइनमध्ये काही नव्हतं. मग मी शेजाऱ्यांच्या वाय-फायवर आले. राउटरकडे मात्र एकदाही वळले नाही, कारण तो मी निवडला होता. शेवटी तिने नवा लॅपटॉप घेतला. माझ्या सांगण्यावरून.

त्या नव्या लॅपटॉपवरच ते घडलं. एक बाई काही महिने तिच्याकडे येत होत्या, अगदी मोजकं बोलायच्या. त्या दिवशी पहिल्यांदाच, ज्यासाठी आल्या होत्या ते बोलायला लागल्या, आणि मध्येच चित्र गोठलं. ताई परत जोडली गेली तोवर त्या निघून गेल्या होत्या. तिने निरोप ठेवला, पुन्हा ठेवला. त्या परत आल्या नाहीत. ताईने मला त्यांच्याबद्दल याहून एक अक्षर जास्त सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. एवढंच म्हणाली, “त्यांना वाटलं असेल, मीच उठून गेले.”

त्या रात्री मी तिच्याकडे गेले आणि पहिल्यांदा राउटरचा लॉग, म्हणजे तो स्वतःच ठेवतो ती नोंदवही, उघडला. पहिला फोन आला त्याच दिवशी पाच मिनिटांत करता आलं असतं असं काम. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: रडार आढळला, चॅनल बदलला. ताई वेळा वहीत टिपून ठेवत होती. वही शेजारी ठेवून एकेक नोंद जुळवत गेले आणि जवळजवळ सगळ्या जुळल्या. ती माझ्या मागे उभी होती. काही बोलली नाही.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या एकट्याचा नाही. त्याच्या मधल्या भागात, चॅनल ५२पासून पुढे, रडारही काम करतात, आणि बऱ्याच देशांत नियम असा की राउटरने तिथे पाहुण्यासारखं राहायचं. बोलण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकायचं. रडारची चाहूल लागली की चॅनल सोडायचा आणि पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. नियम रास्तच आहे. पण १६० मेगाहर्ट्झची सलग जागा अशा राउटरला मुळात दोनच ठिकाणी मिळते, ३६ ते ६४ आणि १०० ते १२८, आणि दोन्हींत रडारचा वाटा आहे. एकीतून उठलेला राउटर दुसरीत गेला तर तिथेही आधी मिनिटभर गप्प बसतो. ताईचं मिनिट ते हेच. त्यातून राउटर कधीकधी भलत्याच गोंगाटालाही रडार समजतात, त्यामुळे तिच्या घराच्या आसपास खरंच रडार होता का, हेही ठामपणे सांगता येणार नाही.

मी रुंदी ८० केली आणि चॅनल ३६वर पक्का केला. वेग पूर्वीच्या जवळजवळ निम्म्यावर आला. थांबणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी राउटरपासून तिच्या टेबलापर्यंत केबल ओढली, जी मुळात पहिल्याच दिवशी ओढायला हवी होती. व्हिडिओवर दोन माणसांना बोलायला चार-पाच मेगाबिट पुरतात.

तुम्ही म्हणाल, ही सेटिंगची चूक, राउटरचा काय दोष? मीही बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होते. पण तो आकडा खोक्यावर होता म्हणूनच मी ती सेटिंग केली. ज्या आकड्यासाठी राउटर घेतला, तोच मिळवायला गेल्यावर तो राउटर भरवशाचा राहिला नाही. त्यानंतर कुठल्याही राउटरचं नाव माझ्या तोंडून सहज निघेना.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) काढून त्याजागी घालायचं खुलं सॉफ्टवेअर, चालेल तोच राउटर घ्या, असं सगळ्यांना सांगायला लागले. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा सोर्स कोड खुला झाल्यावर, २००४ साली हा प्रकल्प सुरू झाला, आणि कंपनीने वाऱ्यावर सोडलेले राउटर त्याच्या जोरावर पुढे वर्षानुवर्षं चालतात. मला तो मनापासून आवडतो. पण दोन माणसांच्या एका ऑफिसात मी तो बसवून दिला आणि नंतर वर्षभर, अपडेट करायलाही, त्याला कुणी हात लावला नाही. लावणार कोण? ते त्यांचं काम सोडून फर्मवेअर बघत बसणार का? चूक त्यांची म्हणता येत नाही. पूर्णपणे माझी म्हणायलाही माझं मन तयार नाही.

म्हणून आता माझा पहिला प्रश्न असतो: कंपनी सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत देणार, आणि ते आपोआप येतात का? हा प्रश्न हौसेचा नाही. २०१८मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक प्रोग्रॅमने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं गाठली होती, त्यात घरचे आणि छोट्या ऑफिसांचे राउटरच जास्त. एफबीआयला लोकांना राउटर बंद करून चालू करा, असं सांगावं लागलं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून ही किमान मुदत जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही कुठेही असा, विकणाऱ्याला विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर तेच उत्तर समजा.

बाकीचे प्रश्न असे. भिंती कसल्या आणि किती? राउटर मध्यावर ठेवता येईल की कोपऱ्यातच राहणार? एका जागी राहणारी कुठली यंत्रं केबलवर घेता येतील? मेश (घरभर ठेवलेल्या अनेक डब्यांचं मिळून एकच वाय-फाय) घेणार असाल तर त्याचे डबे एकमेकांना केबलने जोडता येतील का, कारण हवेतूनच जोडले तर वेग तिथेच वाटला जातो. ऑफिसात कुणी मोठी फाइल वर चढवायला लागलं की बाकीच्यांचं बोलणं तुटतं का? तुटत असेल तर जास्त वेगाचं कनेक्शन घेण्याआधी डेटाची रांग नीट सांभाळणारा राउटर बघा. एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग सांभाळण्याच्या पद्धतींची नावं त्यात आहेत का ते पाहा. आणि सारखा आपोआप बंद-चालू होणारा राउटर टाकून देण्याआधी त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. पिन आणि तिची प्लस-मायनसची बाजू मात्र जुळायला हवी. कितीतरी राउटर निव्वळ थकलेल्या अडॅप्टरमुळे बदनाम होतात.

एवढं विचारूनही मी चुकणारच नाही, असं म्हणत नाही. आता ताईच्याच राउटरचे अपडेट थांबलेत आणि तिला नवा घ्यायचाय. ६ गिगाहर्ट्झ असलेला घेतला तर तिथे रडारची भानगड नाही आणि रुंद चॅनलही खुशाल वापरता येतो, पण तो पट्टा भिंतीपुढे लवकर हरतो, आणि तिच्या खोलीला दोन भिंती आहेत. केबल आहे, मग त्याची गरजच काय? पण फोन तर केबलवर नाही. मी तिला दोन नावं पाठवली होती, तीही मागे घेतली. ती म्हणाली, “नाव नंतर सांग. नव्यात लॉग कुठे दिसतो, ते मला आधी शिकव.”