वहिनीला दिलं तेच द्या

बाई ३९ वर्षांच्या, एएमएच (अंडाशयातला बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) ०.६, म्हणजे साठा कमी. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) आधीच्या दोन सायकल दुसऱ्या सेंटरला झालेल्या, दोन्ही वेळा रोज ४५० युनिट एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोनचं इंजेक्शन). हाती आलं एकेक परिपक्व बीज. फाइल माझ्यापुढे सरकवत नवरा म्हणाला, "मॅडम, या खेपेला ६०० द्या. पैशाचं आम्ही बघतो."

डोस वाढवला की बीजं वाढतात, हा समज पेशंटांचाच नाही, आमच्यातल्याही कित्येकांचा आहे. एफएसएच नवी बीजं तयार करत नाही. त्या महिन्यात जी चार-दोन फॉलिकल (बीज जिच्यात वाढतं ती अंडाशयातली पिशवी) दाद द्यायला तयार असतात, तेवढीच ते वाढवतं. पंगतीला चौघं असताना चाळीस जणांचा स्वयंपाक कशाला? नेदरलँड्समधल्या 'ऑप्टिमिस्ट' अभ्यासात (२०१७) कमी फॉलिकल असलेल्या बायकांना १५० ऐवजी २२५ किंवा ४५० युनिट देऊन पाहिले. मूल होण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. तरी आमच्याकडे ४५० लिहिणं सुटत नाही. कमी डोसवर सायकल फसली की खापर डॉक्टरवर, जास्त डोसवर फसली की नशिबावर.

मी लेट्रोझोलच्या गोळ्या पाच दिवस, जोडीला १५० युनिट, आणि मोठं फॉलिकल १४ मिमी झाल्यावर अँटॅगॉनिस्ट (बीज वेळेआधी सुटू नये म्हणून द्यायचं इंजेक्शन) असं ठरवलं. नवऱ्याचा चेहरा पडला. सासूबाईंना तर हा उपचारच वाटेना. त्यात लेट्रोझोल इस्ट्रोजेनला लगाम घालतं, त्यामुळे फॉलिकल छान वाढत असतानाही रक्तातलं इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) कमीच दिसतं. तो एक आकडा पाहून त्यांच्या ओळखीच्या कुणा डॉक्टरांनी फोनवरून सल्ला दिला, सायकल रद्द करा. सोनोग्राफी न बघता! नवऱ्याला स्क्रीनसमोर उभं करून एकेक फॉलिकल मोजून दाखवलं, तेव्हा कुठे तो शांत झाला.

ट्रिगर (बीजं पूर्ण पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) रात्री साडेनऊला, पिकअप (सुईनं बीजं काढणं) ३६ तासांनी. पहिलं फॉलिकल रिकामं निघालं. ऑपरेशन थिएटरात कुणी बोलेना. मग लॅबच्या खिडकीतून एम्ब्रियोलॉजिस्टचा आवाज आला, "एक." थोड्या वेळानं, "अजून एक." शेवटी तीन बीजं, तिन्ही परिपक्व. दोन भ्रूण गोठवले.

भुलीतून जाग आल्यावर बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचं औषध लागू पडलं."

लागू पडलं का? की त्या महिन्यात फॉलिकलच जास्त होती? एकाच बाईच्या दोन महिन्यांत एवढा फरक सहज पडतो. मागच्या ४५० ची आणि आताच्या १५० ची तुलना सगळ्या स्टाफनं केली, मला अजून करता येत नाही. याच महिन्यात ४५० दिले असते तर चार आली असती का, हे कुणी सांगायचं? शिवाय बीजं म्हणजे बाळ नव्हे. गोठवलेल्या भ्रूणांचं गर्भाशयात ट्रान्सफर अजून व्हायचंय.

पण ख्याती पसरायची ती पसरलीच. थोड्याच दिवसांत त्यांची नणंद हजर, मोबाइलमध्ये वहिनीच्या फाइलचा फोटो. वय २७, पीसीओएस (बीजं भरपूर, पण वेळेवर सुटत नाहीत), एएमएच ९, नवऱ्याचा रिपोर्ट उत्तम. "मलाही हेच द्या." तिला म्हटलं, तुला आयव्हीएफ इतक्यात नकोच, आधी नुसत्या लेट्रोझोलच्या गोळ्या घेऊन बघू. ती नाराज. "वहिनीला इंजेक्शनं, आणि मला गोळ्यांवर भागवताय?"