बाईंनी गाऊन घेतलेला पाढा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं आणि आधी आठवल्या त्या संगीताच्या बाई. त्यांचं नाव लिहीत नाही. नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे आमच्या वेळच्या सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेला वंदन करून मी त्यांच्याबद्दलच लिहिणार आहे.

मी बोलताना फार अडखळायचो. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचं तरी पहिलं अक्षर घशातून निघत नसे. पाचवीत असताना एकदा एकोणतीसचा पाढा म्हणायला उभं केलं. पाढा तोंडपाठ होता, पण ‘एकोणतीस’पुढे गाडी सरकेना. वर्ग हसला आणि मला बाहेर व्हरांड्यात उभं राहावं लागलं. बाई तिथून चालल्या होत्या. काही न विचारता त्यांनी मला संगीताच्या खोलीत नेलं, पेटी उघडली, षड्ज धरला आणि म्हणाल्या, “पाढा गा.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी स्वतःच सुरुवात करून दिली: एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. चाल प्रार्थनेची होती. तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या, नुसता भाता हलत राहिला आणि मी थेट ‘दाहे दोनशे नव्वद’पर्यंत गेलो. कुठेही अडलो नाही. बाईंनी शाबासकी दिली नाही. “तुझा आवाज अडत नाही रे, श्वास अडतो,” एवढंच म्हणाल्या. त्या वेळी मला रडू आवरेना.

बोलताना अडखळणाऱ्या पुष्कळ जणांचं अडखळणं गाताना कमी होतं, हे पुढे वाचलं. चाल आधीच ठरलेली असते, स्वर लांबवता येतो, श्वास कुठे घ्यायचा हे ठाऊक असतं. बाईंनी हे कुठे वाचलं असेल असं वाटत नाही. त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं होतं, बस.

मग त्यांनी स्वतःचं व्हायोलिन माझ्या हातात दिलं. या वाद्याला सतारीसारखे पडदे नसतात. बोट किंचित सरकलं तरी स्वर बिघडतो, म्हणून कानच तयार करावा लागतो. पण बाईंचा सगळा जोर गजावर, म्हणजे तारांवरून ओढायच्या काठीवर. गज उलटताना स्वर तुटता कामा नये, यासाठी त्या एकच ‘सा’ तासभर ओढायला लावत. बंदीश वाजवायची ती शब्द मनात म्हणत, जिथे गायक श्वास घेईल तिथेच थांबायचं. पं. दा. के. दातार आणि विदुषी एन. राजम यांचं वादन त्यांनी आम्हाला ऐकवलं ते याचसाठी. राजम यांनी गायक पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे तालीम घेतली होती आणि त्यांच्या गजातून बंदिशीचे बोल ऐकू येतात, हे बाई पुन्हा पुन्हा सांगत. जे मला तोंडाने बोलता येत नव्हतं, ते बोलायला मला एक वाद्य मिळालं.

पुढे संगीतातली ‘अलंकार’ ही परीक्षा झालो, आकाशवाणीची कलाकार म्हणून श्रेणी मिळाली, मैफली झाल्या. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही. पक्षाघाताच्या रुग्णांबरोबरचं काम मात्र सांगितलंच पाहिजे, कारण ते मूळ बाईंचंच आहे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की काहींची वाचा जाते. समजतं सगळं, शब्द बाहेर येत नाही. आणि तोच माणूस जुनं गाणं शब्दांसकट म्हणतो. यावरूनच १९७३ साली अमेरिकेत एक उपचारपद्धती मांडली गेली: छोटं वाक्य दोन स्वरांत गायचं आणि रुग्णाच्या डाव्या हाताने प्रत्येक अक्षराला ठेका धरायचा. आमच्याकडे एक गृहस्थ होते. वाचा-उपचारतज्ज्ञ ‘पाणी हवं’ गात, मी तेच स्वर गजावर लांबवत असे. कित्येक आठवडे नुसता हुंकार. एका सकाळी त्यांनी ‘पाणी हवं’ म्हटलं आणि त्यांच्या पत्नी धावतच पेला भरायला गेल्या.

सगळ्यांना गुण येतो असं नाही. अमुक राग ऐकला की अमुक आजार जातो, असे दावे केले जातात. ते मला पटत नाहीत. औषध आणि व्यायाम यांच्या जोडीने संगीत माणसाला पुन्हा प्रयत्न करायला बळ देतं, हे मात्र मी रोज पाहतो.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. संगीताच्या खोलीत आता संगणक आहेत आणि संगीताचा तास वेळापत्रकात उरलेला नाही. फार वाईट वाटलं. आजही एखादं मूल व्हरांड्यात उभं असेलच. बाईंचं व्हायोलिन माझ्याकडे आहे, चांगलं वाजतं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते घेऊन यायची आणि मानधन न घेता शिकवायची माझी तयारी आहे. तसं पत्र या लेखासोबतच मुख्याध्यापकांना दिलं आहे. खोली नसली तर व्हरांडाही चालेल.