आराखड्यातले ऊन, छपरावरचे ऊन

छपरावर सौर पॅनेल बसवून देणारे बहुतेक जण ‘किलोवॉटमागे दिवसाला 4 युनिट’ असा हिशेब सांगतात. वर्षाची सरासरी म्हणून तो वावगा नाही. मात्र गोव्यात मार्च-एप्रिलमधली निर्मिती या आकड्याच्या वर जाते आणि जुलैत ती मार्चच्या निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. म्हणून आराखड्यात बारा महिन्यांचे बारा आकडे मागून घ्यावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आराखड्यातले ऊन बहुधा उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून घेतलेले असते. नासाच्या ‘पॉवर’ या मोफत माहितीसंचात सौर नोंदींची एक चौकट अक्षांश-रेखांशाच्या एकेका अंशाची, म्हणजे सुमारे 110 किलोमीटरची असते, आणि आपल्या अख्ख्या गोव्याची दक्षिणोत्तर लांबीच जेमतेम 105 किलोमीटर आहे. एवढ्या चौकटीत समुद्रावरचे आकाश आणि डोंगराकाठचे ढग यांची एकच सरासरी निघते. शिवाय पॅनेलवर छापलेली क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात पॅनेल 60 अंशांपर्यंत तापले की दर अंशामागे 0.3 ते 0.4 टक्के, म्हणजे एकूण दहा-चौदा टक्के वीज, ऊन पुरेपूर असूनही कमी मिळते.

मोठ्या प्रकल्पांत ऊन मोजण्यासाठी पायरॅनोमीटर असतो, त्यामुळे कमी काय पडले, ऊन की यंत्रणा, हे लगेच कळते. घरच्या छपरावर ती सोय नसल्याने शेजारच्या वाड्यावरील संचाचे त्याच महिन्याचे किलोवॉटमागील युनिट विचारून पाहणे हाच सोपा उपाय आहे.

सावलीचे प्रकरण मात्र प्रत्येक छपराचे स्वतंत्र असते. गोवा सुमारे 15.5 अक्षांशावर असल्याने मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य माध्यान्हीही आपल्या उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळी तर बराच उत्तरेकडून येतो. डिसेंबरात पाहणी करून ‘सावली नाही’ असा शेरा मारणाऱ्याच्या हिशेबात उत्तरेकडचे माड येतच नाहीत (आणि घराभोवती माड नाहीत असा गोवेकर विरळाच). पॅनेलमधील सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे तुकडे, सहसा तीन गटांत जोडलेले असतात; एका झावळीची सावली एखाद्या सेलवर नीट बसली, तर तो संपूर्ण गट बाद होऊन पॅनेलची तृतीयांश वीज जाऊ शकते. इन्व्हर्टरच्या ॲपमधील आलेखात ही घट ओळखू येते: ढगांमुळे पडणारा खड्डा रोज वेगळ्या वेळी दिसतो, माडाचा खड्डा निरभ्र दिवसांत जवळपास त्याच वेळी पडतो आणि सावली सरकली की भरून निघतो.