सव्वीस जोड्या

सिनसिनाटीतल्या आमच्या ऑफिसातून ओहायो नदीवरचा पूल ओलांडला की न्यूपोर्ट लागतं. नदीच्या अलीकडे ओहायो राज्य, पलीकडे केंटकी. आता तिथे मत्स्यालय आहे, आणि जुन्या रेल्वे पुलाला जांभळा रंग देऊन तो चालणाऱ्यांसाठी मोकळा केलाय. रविवारी मुलांना घेऊन जावं असं गाव. या गावाला एकेकाळी ‘सिन सिटी’, म्हणजे पापनगरी, म्हणत हे ऐकून होतो, पण त्यापलीकडे कधी डोकं चालवलं नव्हतं.

माझं काम जुन्या इमारतींचं वायरिंग तपासण्याचं. काय ठेवायचं आणि काय उपटायचं ते लिहून द्यायचं. मॉनमथ स्ट्रीटवरच्या एका तीन मजली विटांच्या इमारतीत फ्लॅट काढायचे होते, म्हणून गेलो. मालक तरुण. सोबत त्याचे पंचाहत्तरीचे मामा आले होते. या घरातच वाढलेले.

पहिल्या मजल्यावर (अमेरिकन हिशेबाने दुसऱ्या) मागच्या बाजूला दहा बाय बाराची खोली, बिनखिडकीची. भिंतीवर लाकडी फळी, फळीवर टेलिफोनच्या तारांचे जोड. तळघरातून शिशाच्या आवरणाची केबल वर आलेली. तिच्यातून निघालेल्या तारा मेणाच्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारून बांधलेल्या आणि एकेक करून स्क्रूला लावलेल्या. इतकं देखणं काम मी सरकारी इमारतीतसुद्धा क्वचित बघितलंय. मोजलं तर २६ जोड्या. म्हणजे एका खोलीत २६ फोन, आणि तेही अशा काळात, जेव्हा कितीतरी घरांत एकच फोन असे आणि त्याची लाइन शेजाऱ्यांबरोबर सामाईक!

“इथे डॉक्टरांचं ऑफिस वगैरे होतं का?” मी विचारलं. मामा हसले. ती खोली बुकींची होती.

घोड्यांवर पैसे घेणारा लहान बुकी असतो. एकाच घोड्यावर त्याच्याकडे भारंभार पैसा आला आणि नेमका तोच घोडा जिंकला, तर बुकी बुडतो. म्हणून शर्यत सुटायच्या आत तो जादा भार मोठ्या बुकीकडे उतरवतो. आपल्याकडचे बुकी याला कटिंग म्हणतात, तिकडे ले-ऑफ. न्यूपोर्ट हे ले-ऑफचं मोठं ठाणं होतं. लोकांना आठवतात ते कॅसिनो आणि क्लीव्हलँडहून आलेली टोळी. या धंद्याला मात्र ना झुंबर लागे ना रुलेटचं चाक. लागत ते फोन, आणि पटापट आकडे टिपणारी माणसं.

“घोडे सुटायची वेळ झाली की आई मला बूट हातात घेऊन जिना चढायला लावायची,” मामा म्हणाले. “खाली सगळे एकदम आकडे बोलत असायचे. आमच्या पायांच्या आवाजात एखादा चुकीचा ऐकू आला तर पंचाईत. फोनच्या घंटा काढून टाकल्या होत्या, नुसते दिवे लागायचे.”

इमारत तेव्हा त्यांच्या आजोबांची. खोलीचं भाडं कधी थकलं नाही. रविवारी आजोबा चर्चमध्ये पहिल्या बाकावर.

१९६१ साली जॉर्ज रॅटरमन शेरीफच्या, म्हणजे तिथल्या निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीला उभे राहिले. क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे माजी खेळाडू, आणि हे सगळं बंद करतो म्हणणारे. त्या मे महिन्यात पोलिसांनी त्यांना याच रस्त्यावरच्या हॉटेलात एका नर्तकीबरोबर पकडलं. रक्ततपासणीत क्लोरल हायड्रेट निघालं, म्हणजे गुंगीचं औषध. फोटो काढायला बोलवू असं आपल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, अशी साक्ष एका फोटोग्राफरने दिली आणि खटला कोसळला. नोव्हेंबरात रॅटरमन निवडून आले. मामांच्या घरात वडील त्यांच्या बाजूचे, आई विरोधात. का, ते मी विचारलं नाही. भाड्याचं आत्ताच ऐकलं होतं.

त्याच सप्टेंबरात केनेडींनी सही केलेल्या कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात तारेवरून पैजा घेणं केंद्रीय गुन्हा ठरवलं. मामांना तो कायदा आठवत नव्हता. आठवत होतं ते एवढंच, की शाळा सुरू झाल्यानंतर एक दिवस खालची खोली रिकामी झाली आणि बूट घालून जिना चढायची परवानगी मिळाली. “मला काही दिवस भीतीच वाटायची,” म्हणाले, “आवाज करायची.”

अहवालात मी लिहिलं : ‘बंद टेलिफोन केबल, काढून टाकावी. शिशाची विल्हेवाट स्वतंत्र.’ ती गाठींची फळी तोडायला लावताना जिवावर आलं, हे अहवालात लिहायची सोय नसते.

निघताना मामांनी विचारलं, “यातली एखादी अजून चालू असेल का हो?”

शक्यच नव्हतं, तळघरात केबल कापलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी मीटर काढला आणि पहिल्या जोडीपासून लावत गेलो. सव्विसावी होईपर्यंत मामा दारात उभे होते.