कोकीळ थंडीत कुठं जातो?

दिवाळी झाली की सोसायटीत कुणी ना कुणी विचारतंच, "मे महिन्यात पहाटे चारपासून ओरडणारा तो कोकीळ आता कुठं गेला हो?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो: कुठंही गेलेला नाही. गेटाजवळच्या उंबरावरच असतो. फक्त गात नाही.

उंबर पिकला की सकाळी झाडाखाली पाच मिनिटं मान वर करून थांबा. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा दिसला तर तो नर. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके दिसले तर मादी. वड, पिंपळ, उंबर यांची फळं मिळतात तोवर दाट पानांत दडून दोघंही गुपचूप खात असतात. फळं संपली की फार तर शेजारच्या गल्लीत जातील.

'कुहू' करतो तो नर, मादी नुसतं 'किक-किक-किक' करते. हे गाणं विणीच्या हंगामापुरतं असतं. दिवस मोठा व्हायला लागला की नराच्या शरीरातली संप्रेरकं वाढतात, फेब्रुवारीत घसा खाकरल्यासारखे अर्धवट सूर निघतात आणि एप्रिल-मेमध्ये तो आपली झोप मोडतो. नेमकं तेव्हाच का? कारण पावसाच्या तोंडावर कावळे घरटी करतात आणि मादीला अंडी तिथंच घालायची असतात. म्हणजे कोकिळाचं वेळापत्रक खरं तर कावळा ठरवतो! कावळे नराच्या मागे लागलेले दिसले की समजावं, जवळपास घरटं आहे. पावसाळ्यात कावळ्यापुढं चोच वासून भरवून घेणारं ठिपकेदार किंवा काळं पिल्लू दिसलं, तर नीट बघा. ते कावळ्याचं नसेल.

दयाळाचंही असंच. उन्हाळ्यात तारेवर बसून मैफल, थंडीत कुंपणाखाली नुसती चर्रचर्र. पण तो असतो.

खरंच येणारा-जाणारा पाहुणा हवा असेल तर गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीपाशी शेपटी खालीवर हलवत फिरणारा, पोटाशी पिवळसर असा करड्या रंगाचा धोबी सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडून येतो आणि उन्हाळा लागताना परततो. त्याच्याबद्दल मात्र मला आजवर कुणीच काही विचारलेलं नाही. तो कुणाची झोप मोडत नाही ना!