फॉरमॅट मारायच्या आधी थांबा

घरचा जुना कॉम्प्युटर सुरू होईना. विंडोजचं चिन्ह यायचं आणि परत रीस्टार्ट. दुकानात सांगितलं, फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार. माझ्या पोटात गोळाच आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पडला त्या आमच्या वाड्याचे स्कॅन केलेले फोटो त्यात होते. आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या, तिच्याच आवाजात. आजी आता नाही, वाडाही नाही.

लातूरहून भाचा आला. म्हणाला, "मामा, विंडोज बिघडलंय, डिस्क चांगली हाय." त्याने त्याच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हमध्ये उबुंटू टाकून आणलं होतं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी, पेनड्राइव्हवरूनही सुरू होणारी ऑपरेटिंग सिस्टीम. कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडला. मग इन्स्टॉलला हात न लावता नुसतं 'ट्राय उबुंटू', कारण इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते. विंडोज नीट बंद झालेलं नसल्याने डिस्क रीड-ओन्ली उघडली, म्हणजे नुसतं वाचता येईल, बदल करता येणार नाही. कॉपीला तेवढं पुरतं! 'युजर्स' फोल्डरात सगळं जागच्या जागी. एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी होईपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.

पहिली ओवी लागली तशी आई पदर डोळ्याला लावून बसली.

तुमच्याकडे असं झालं तर दोन गोष्टी बघा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा, ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं. ओव्यांची एक प्रत उद्या आत्याकडे औशाला पाठवतोय.