चौथ्या खेळीपाशी अडकलेला डाव

कोल्हापुरात गेली चौदा वर्षे मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि वर्षातून तीन-चार मानांकन स्पर्धा (ज्यांच्या निकालावर खेळाडूचे गुणांकन ठरते) स्वतःही खेळतो. शिकवणाऱ्याने खेळणे सोडले की त्याच्या शिकवण्याचे हळूहळू पाठांतर होते, असे माझे ठाम मत आहे. हरलो तर पालक काय म्हणतील या धास्तीने आमच्यातील अनेकांनी स्पर्धा सोडल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते. गेल्या महिन्यात राजारामपुरीतील एका मंगल कार्यालयात झालेल्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत मी हरलो, आणि तो डाव अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

प्रतिस्पर्धी कागलकडचे, एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांचे मानांकन माझ्यापेक्षा सुमारे दोनशे गुणांनी कमी होते. पांढरी मोहरी त्यांच्याकडे होती आणि घड्याळ सुरू होताच त्यांनी बी२ वरील प्यादे बी४ वर ठेवले (पटावरील उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ अशी नावे असतात). या सुरुवातीला सोकोल्स्की या बुद्धिबळपटूचे नाव आहे; तिला ओरांगउटान असेही म्हणतात, कारण १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत तार्ताकोवर या खेळाडूने प्राणिसंग्रहालयातील ओरांगउटानला भेटून आल्यावर मारोत्सी या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ती खेळली होती. ही सुरुवात क्वचितच समोर येते, पण मला ती अनोळखी नव्हती. मी ई५ खेळलो, त्यांनी उंट बी२ वर आणला आणि मी एफ६ खेळून ई५ चे प्यादे राखले. त्यावर त्यांनी शांतपणे ई४ खेळून बी४ चे प्यादे सोडून दिले. मी ते उंटाने घेतले आणि त्यांनी दुसरा उंट सी४ वर मांडला.

इथपर्यंत काळ्याचे काहीही बिघडलेले नाही. घोडा ई७ वर आणायचा आणि मग केंद्रात प्यादे डी५ वर ढकलायचे, हा सरळ मार्ग होता. नव्वद मिनिटांच्या घड्याळातील जेमतेम दोन मिनिटे खर्चून मी दुसरा घोडा सी६ वर काढला. त्यांनी सी४ वरील उंटाने माझा जी८ वरील घोडा मारला. मी तत्काळ हत्तीने उंट घेतला, आणि त्यांचा वजीर एच५ वर येऊन शह बसला तेव्हा कुठे मला सारे दिसले. एफ६ मुळे माझ्या राजाकडे जाणारा एच५-ई८ हा कर्ण मीच उघडला होता, आणि एच७ च्या प्याद्याला राखणारे एकमेव मोहरे, म्हणजे एच८ वरील हत्ती, नुकतेच जी८ वर खेचले गेले होते.

त्यानंतरची चूक पहिलीपेक्षा मोठी होती. शह आला की जी६ खेळायचे, या सवयीने मी जी६ खेळलो. वजिराने एच७ चे प्यादे घेतले, हत्तीवर हल्ला झाला, हत्ती एफ८ वर पळाला आणि जी६ चे प्यादेही शहासह गेले. त्याऐवजी राजा एफ८ वर सरकवला असता तर हत्ती राखला गेला असता आणि एकाच प्याद्यावर भागले असते. राजा हलवला की किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला सुरक्षित करण्याची संधी) जातो, म्हणून मी तो हलवला नाही. पण हत्ती हलला तेव्हाच छोट्या बाजूचा किल्लेकोट गेला होता, आणि ज्या राजाला मी जपत होतो त्याला मोठ्या बाजूलाही पुढे कधी जाता आले नाही. पुढे तीस खेळ्या झुंजलो, पण एच पट्टीवर त्यांच्या प्याद्याला अडवणारे माझे एकही प्यादे उरले नव्हते.

डाव संपल्यावर बाहेर चहा घेताना त्यांनी विचारले, “सर, उंट घोड्याला मारंल असं वाटलंच न्हाई व्हय तुम्हाला?” त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी म्हणालो, “नाही काका, ती खेळी माझ्या विचारातच आली नाही.”

एका सहकाऱ्याने संगणकावर डाव तपासून सांगितले की सी६ ही चूक, ई७ बरोबर. हे मला पटावर बसल्या बसल्याच कळले होते. चूक कोणती हे यंत्र सांगते, ती मी का केली हे सांगत नाही, आणि आजकाल मुलांचे डाव आम्ही याच पद्धतीने तपासतो ही माझी तक्रार आहे. माझे उत्तर मला माझ्या वर्गात सापडले. बाहेर आलेला उंट घरात बसलेल्या घोड्याला देऊ नका, त्यात तुमची खेळी वाया जाते, हे वाक्य मी नवख्या मुलांना पहिल्याच महिन्यात सांगतो. चौदा वर्षे सांगून सांगून ते माझ्या नजरेतच बसले होते. शहाची आणि एच७ ची गणना अवघ्या तीन खेळ्यांची होती, पण पहिली खेळी ‘वाईट’ म्हणून मी गणनेपर्यंत पोहोचलोच नाही.

परवा नव्या तुकडीत एका आठ वर्षांच्या मुलीने नेमका असाच उंट घोड्यावर दिला. नेहमीचे वाक्य ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि तिला विचारले, “घेतल्यावर पुढे काय खेळणार आहेस?” तिच्याकडे उत्तर नव्हते, आणि त्या उंटाचे तिने पुढे नुकसानच सोसले. नियम सांगितला असता तर तिचा उंट वाचला असता. पुढच्या शनिवारी तो सांगायचा की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.